बारा काय?

एकदा एका विद्यापीठाने ठरवले, की सर्व विभागांचे संशोधन एकाच संगणकीय भांडारात आणायचे. म्हणजे अभियंत्याला जुने कागद हवे असोत की इतिहासकाराला पावसाचे आकडे, कोणी कोणाच्या दारात ताटकळायला नको. काम सोपवले निवेदिता नावाच्या शिष्येकडे आणि देखरेख एका वृद्ध आचार्यांकडे.

निवेदिता हुशार, पण पायाला भिंगरी! चार वर्षांचे काम तिने दीड वर्षात उरकले. सोमवारी उद्घाटन होते. शनिवारी सकाळी ती आचार्यांकडे आली, ती बसलीसुद्धा नाही.

“सर, एवढी सही करा ना. स्थापत्य विभाग खोळंबलाय. पुरात गेलेल्या वाडीची चाळीस घरं किती उंचावर बांधायची, ते आपल्या भांडारात बघून सोमवारीच कळवणार आहेत.”

आचार्यांनी भांडारातील जुन्या पुरांच्या नोंदी शांतपणे वाचल्या. मग दोन चिठ्ठ्यांवर एकच मजकूर लिहिला: ‘पुराचे पाणी बारा चढले. तेवढी सुतळी मोजून द्यावी.’

“एक इतिहास विभागात दे, एक स्थापत्य विभागात. तोंडाने काही बोलू नकोस.”

“आत्ता? सुतळी?”

“आत्ता.”

सोमवार तोंडावर आलेला आणि म्हणे सुतळी मोजा! निवेदिता मनात चरफडत गेली. तासाभराने परत येऊन तिने दोन्ही सुतळ्या जमिनीवर शेजारी पसरल्या, आणि तिथेच तिचे तोंड उतरले. इतिहासवाल्यांची सुतळी बरीच लांब होती.

“जास्तीचा भाग पायाखाली धर आणि वर ताण,” आचार्य म्हणाले.

तिने ताणला. सुतळी तिच्या डोक्याच्याही वर गेली.

“त्यांनी कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हाताने मोजलं,” ती पुटपुटली. “यांनी फुटांच्या टेपने. सर, जुन्या कागदांत ‘बारा हात’ होतं. आकड्यापुढचे शब्द मीच काढले. कचरा वाटला मला. बाकी नोंदी फुटांत होत्या, म्हणून वर सरसकट ‘फूट’ लिहून टाकलं. अरे देवा, त्या घरांत माणसं बुडाली असती!”

“बुडाली नाहीत अजून. बस आधी,” आचार्य म्हणाले. “इतिहासवाल्यांना ‘हात’ सांगावं लागत नाही, अभियंत्यांना ‘फूट’. आपल्या घरात न बोलताच कळतं गं. शेजाऱ्याला मात्र बोलून सांगावं लागतं. सगळ्यांना एका छपराखाली आणायचं, तर निम्मं काम हे सांगण्याचंच. यंत्र काही विचारत नाही. दिला आकडा की घेतं. तू विचारायला हवं होतंस.”

निवेदिताने तिथूनच स्थापत्य विभागाला फोन लावला. “काही कळवू नका. बारा हात आहेत ते, फूट नव्हेत. चूक माझी आहे.”

उद्घाटन रद्द झाले. छापलेल्या पत्रिका वाया गेल्या, आणि ज्याला त्याला तिच्यावर तोंडसुख घ्यायला मिळाले. ती मात्र मूळ कागदांचे गठ्ठे सोडून बसली आणि काढून टाकलेला एकेक शब्द परत त्याच्या आकड्यापाशी लिहू लागली. महिना गेला.

एका दुपारी आचार्य दारात उभे राहिले. “किती राहिलं?”

“दोन,” ती मान वर न करता म्हणाली. मग लेखणी थांबली.

“दोन गठ्ठे, सर.”