शिंक्यातलं मडकं

मडकी आणि चुली माणसांशी बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. तुळसाआत्याच्या चुलीवर शिंक्यात एक मडकं टांगलेलं होतं. तिने माहेराहून आणलेलं पांढऱ्या वांग्याचं बी त्यात राखेत घोळवून ठेवलेलं असे.

दरवर्षी आत्या परसात काठीने वाफे आखायची. इथे वांगी, कडेला वाल, उकिरड्याजवळ भोपळा. मग मडकं उतरवायची आणि स्वतः पेरण्याआधी चिमूट चिमूट बी घरोघर देऊन यायची.

मडक्याला ते खपत नसे. "वर्षभर धूर मी खायचा आणि बी तू वाटत सुटायचं. एक दिवस रिकामी बसशील."

"बसेन की," आत्या म्हणायची आणि पुढच्या घरी जायची.

एका वर्षी छपराचं कौल सरकलं. पाणी थेट मडक्यात गळत राहिलं. आत्याने वाफे आखून हात घातला, तर आत बुरशीचा गोळा. मडकं शरमलं. आत्याने ते घासून उन्हात पालथं घातलं आणि बाहेर पडली.

संध्याकाळी ती तीन घरांतल्या तीन पुड्या घेऊन आली.

"हे कुणाचं बी?" मडक्याने हळूच विचारलं.

"तुझंच," आत्या म्हणाली. "गेल्या वर्षी तुझ्याच पोटातून काढून दिलं होतं, त्याच्याच वांग्यांचं हे बी."

पुढच्या वर्षी आत्या बी वाटून घरी परतली, तेव्हा शिंक्यातून आवाज आला, "आत्या, वेशीजवळ नवं बिऱ्हाड आलंय. त्यांच्याकडे गेली होतीस का?"