तळपायाची आग

एका गावात एक भोळा सुतार होता, खंडू. बायको म्हणाली, "दुधावर नजर ठेवा," तर दूध उतू जाऊन चूल विझली तरी ह्यानं नजर हलवली नाही.

गावातल्या मंगल कार्यालयाचे मालक होते केरबाशेठ. नगरपालिकेचा नवा नियम आला. आग लागली तर पळायला कार्यालयाला दुसरं दार हवं, नाहीतर टाळं. आणि शेठच्या लेकीचं लग्न तिथंच, महिन्यावर आलेलं.

खर्चाच्या नावानं शेठ कळवळले. "चाळीस वर्षांत इथं उदबत्तीशिवाय काही पेटलं नाही. खंडू, दार नुसतं कागदावर दाखव."

खंडूनं मोठ्या कागदावर दार काढलं, कडीसुद्धा काढली, आणि भिंतीला चिकटवलं. तपासणीचे साहेब दार ढकलायला गेले आणि भिंतीवर आपटले.

"दार खरं हवं," साहेब नाक चोळत म्हणाले, "आणि बाहेर उघडलं पाहिजे."

खंडूनं सागवानी दार केलं आणि बाहेर अंगणात नेऊन उभं केलं. चारदा उघडून पाहिलं. बाहेर छान उघडत होतं.

शेठनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, दार भिंतीत बसव. आतल्या माणसांना बाहेर पडायचंय. आग म्हटलं की वाळू ओतायची अन् माणूस बाहेर काढायचा, एवढं ध्यानात ठेव."

दार बसलं. दाराशी वाळूच्या आणि पाण्याच्या बादल्या आल्या. साहेबांनी परवानगी दिली.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं, म्हणून दुपारीच पंगत बसली. नवरदेवाच्या वडिलांनी ठेचा चाखला. "आई गं, तोंडाला आग लागली."

बादल्यांपाशी राखणीला उभ्या खंडूनं त्यांच्या ताटात बादलीभर वाळू ओतली, काखेत हात घालून त्यांना उचललं आणि नव्या दारातून अंगणात नेऊन ठेवलं. आगीचं नाव ऐकून पाचशे वऱ्हाडी मागोमाग बाहेर. दार खरंच चांगलं होतं.

व्याही चपला शोधू लागले. "नको आम्हाला ही सोयरीक."

शेठ धावत आले. "मूर्खा, आग कुठं लागलीय ते आधी विचारावं, मग विझवावी."

खंडूला पटलं. "मग शेठ, आग कुठंय?"

शेठ दातओठ खात म्हणाले, "माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय."

खंडूनं एकदा त्यांच्या पायांकडे पाहिलं, एकदा फेट्याकडे. मग पायांवर वाळू ओतली आणि डोक्यावर पाणी.

व्याही हातात चप्पल घेऊन थबकले आणि पोट धरून हसत सुटले. "चला केरबाशेठ, मुहूर्ताआधी पंगत उरकू," म्हणत आत गेलेसुद्धा.

खंडूनं शेठच्या कानाशी तोंड नेलं. "शेठ, मधे पोटात काही राहिलीय का? अजून एक बादली शिल्लक आहे."