उमाळ्याच्या आतली भिंत

"पण सगळ्या गावासमोर का, मास्तर? घरी बोलावून सांगता आलं नसतं?"

शाल्मली रेगे दारातच उभी होती. ग्रामसभेतून ती रागारागानं तडक इनास मास्तरांच्या घरी आली होती.

मास्तर पडवीत बसून श्वासाच्या नळ्या गोड्या पाण्यानं धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

नौदलात पाणबुड्या म्हणून नोकरी करून ते वेळझरला परतले होते. त्यानंतर पाण्याखालच्या गुहा मोजायच्या आणि त्यांचे नकाशे काढायचे, हाच त्यांचा ध्यास. शाल्मली त्यांची सगळ्यात हुशार शिष्या. हे तिलाही ठाऊक होतं. जरा जास्तच.

वेळझरच्या डोंगराखाली एक उमाळा आहे, जमिनीतून उसळणारा झरा. उन्हाळ्यातही आटत नाही. त्यातून बुडी मारून आत शिरलं की डोंगराच्या पोटात पाण्यानं भरलेली गुहा लागते. वर डोंगरावर खडीची खाण काढायची परवानगी कुणीतरी मागितली, आणि ही गुहा कुठवर जाते हे कळणं भाग पडलं. मास्तर तेव्हा तापानं आडवे होते. शाल्मली एकटी उतरली. दोरी बांधत, अंतर आणि दिशा टिपत आत गेली. वर येऊन तिनं नकाशा केला आणि मास्तरांना न दाखवताच तालुक्याला देऊन टाकला.

नकाशात गुहा खाणीच्या बऱ्याच अलीकडे संपत होती.

सभेत खाणवाल्यांनी तो नकाशा टांगला. शाल्मलीचं तोंड भरून कौतुक केलं. टाळ्या वाजत असतानाच मास्तर मागून उठले, "हा नकाशा खोटा आहे," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

"खोटा!" शाल्मली म्हणाली. "माझा एक एक आकडा तपासा. एक जरी चुकला असेल ना..."

"आकडे बरोबर असतील."

"मग?"

"शेवटी भिंत काढलीयस."

"गुहा तिथं संपते."

"हात लावलास?"

"भिंत समोरच होती."

"मी विचारतोय, दगडाला हात लावलास?"

"गाळ उठला होता. काही दिसत नव्हतं."

मास्तरांनी हातातली नळी बादलीत आपटली. पाणी पडवीभर उडालं.

"अगो, अख्खं गाव बारा महिने ज्याचं पाणी पितं, ते काय तुझ्या भिंतीतून येतं? एवढा साधा प्रश्न पडला नाही तुला? आणि त्या कागदावर सही करताना हात थरथरला नाही?"

"अरुंद होतं ते! सिलिंडर दगडाला घासत होता. मी एकटी होते, मास्तर. काय करायला हवं होतं मी? मरायला हवं होतं?"

"परत फिरलीस ते उत्तम केलंस. त्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही."

"मग कशाबद्दल बोलताय?"

"भीती वाटली तिथं भिंत काढलीस, त्याबद्दल."

शाल्मली वळली आणि फाटक उघडंच टाकून गेली.

सकाळी मात्र ती उमाळ्यावर आली. सगळं सामान चढवून. म्हाताऱ्याला तिथं नेऊन दगड दाखवायचाच, असं तिनं ठरवलं होतं. मास्तर आधीच पाण्यात पाय सोडून बसले होते.

दोघं आत गेले. दोरी धरून, एकामागून एक.

ती थांबली होती त्या जागेशी पोचेपर्यंत गाळ पुन्हा उठला. समोर बॅटरीच्या उजेडात करडी भिंत उभी राहिली. शाल्मलीनं बोट दाखवलं. बघा!

मास्तरांनी स्वतःची बॅटरी बंद केली. तिलाही बंद करायची खूण केली.

काळोख...

मग तिच्या मनगटावर त्यांची पकड बसली. त्यांनी तिचा हात पुढं ढकलला. बोटांना आता दगड लागेल, आता लागेल, म्हणून ती अंग आवळून होती. हात कोपरापर्यंत गेला. खांद्यापर्यंत गेला. दगड लागला नाही. बोटांच्या फटींतून गार पाणी सारखं बाहेर येत होतं.

मास्तरांनी तिचा हात बराच वेळ तसाच धरून ठेवला.

गाळ बसला तेव्हा बॅटऱ्या लागल्या. समोर एक चिंचोळी वाट होती. शाल्मलीनं नवी दोरी बांधली आणि अंग चोरून ती पुढं सरकली. मास्तर मागोमाग. पलीकडे छत एकदम उंचावलं, उजेड समोरच्या टोकाला पोचेना. होकायंत्रावर दिशा पाहिली, तर वाट सरळ खाणीच्या जागेकडे चालली होती. परतीपुरती हवा राखून, अंतर टिपत, जेवढं जाता येईल तेवढं ते गेले, आणि वळले. वाट पुढं तशीच काळीभोर जात होती.

वर आल्यावर शाल्मलीनं मुखवटा ओढून काढला आणि काठावर भिरकावला.

"इथं सुरुंग लावले असते त्यांनी! छत खचलं असतं. उमाळा बुजला असता."

"हं."

"आणि माझ्या नावावर! माझा नकाशा दाखवून!"

"हं."

"आणि मी तुमच्यावर चिडले होते..."

"राग टाकू नकोस. सभेत लागेल."

पुढच्या सभेला नायब तहसीलदार बाई स्वतः आल्या. शाल्मलीनं नकाशातली शेवटची रेघ सगळ्यांदेखत खोडली. मग नव्या मोजमापाच्या दोन उघड्या रेघा पुढं काढल्या; त्या खाणीची हद्द ओलांडून डोंगराखाली जात राहिल्या.

खाणीचे इंजिनियर बिडवे ताडकन उठून शाल्मलीकडे वळले. "मॅडम, तुम्हीच सही केलीत ना? तेव्हा संपत होती, आता पुढं जाते? पोरखेळ चाललाय काय?"

"पोरखेळ मी केला होता," शाल्मली तितक्याच जोरात म्हणाली. "न बघता भिंत काढली. पण तुम्हीसुद्धा ती बघितली नव्हती, साहेब. तुम्हाला ती फक्त हवी होती!"

सभेत कुजबुज झाली. बाईंनी परवानगीचा कागद बाजूला सारला.

"बरं," बिडवे दातओठ खात म्हणाले, "मग आता नक्की सांगा. कुठवर जाते ही गुहा?"

शाल्मलीनं नकाशावरच्या उघड्या रेघांवर बोट ठेवलं.

"माहीत नाही."

बिडवे हसत सुटले. मास्तरांकडे वळले. "ऐकलंत? एवढं शिकवलंत, आणि तुमची शिष्या म्हणते माहीत नाही! बाई, इतिवृत्तात आता काय लिहिणार?"

इनास मास्तर सावकाश उभे राहिले.

"तेच लिहा, बाई. या गुहेचं इतकं अचूक मोजमाप आजवर कुणी दिलं नव्हतं."