न चाखलेली आमटी

दारी आलेल्या वाटसरूला नाव-गाव पुसण्याआधी पान वाढत, असा तो भाग्याचा काळ! त्या काळी श्री वेणुनाथ महाराज नदीकाठच्या बोरखडी गावी, दत्तमंदिराच्या ओसरीवर मुक्कामाला होते.

त्याच गावी बाळंभट आचारी राहत. एके काळी त्यांच्या आमटीचा वास सुटला की पंगतीत जागा धरायला धांदल उडे. पण एका तापात त्यांच्या जिभेची चव गेली आणि पाठोपाठ कामही गेले. अशी कैक वर्षे लोटली. लग्नसराई आली की बाळंभट आपला पितळी झारा घासून ठेवीत. बोलावणे मात्र येत नसे.

दत्तजयंतीचा भंडारा आला. महाराज म्हणाले, "यंदा स्वयंपाक बाळंभट करतील."

उत्सवाचे कारभारी नागोराव देशमुख खो खो हसले. "महाराज, ज्याला मीठ कळत नाही त्याच्या हाती साऱ्या गावाचं जेवण द्यायचं?"

"नैवेद्याचा स्वयंपाक चाखून कोण करतं, नागोराव?" महाराज म्हणाले.

नागोरावांच्या मनातली शंका मात्र जाईना.

चुली पेटल्या. किती वर्षांनी कानी पडला तो फोडणीचा चरचराट! बाळंभटांचे डोळे भरून आले. हात मात्र जुन्या सवयीने चालू लागले. आमटीत मीठ घालून ते पाणी आणायला गेले, तोच आत आलेल्या नागोरावांना वाटले, म्हातारा मीठ विसरला! चाखून पाहायची तर सोय नाही. त्यांनी ओंजळभर मीठ तपेल्यात टाकले.

परतलेल्या बाळंभटांनी ते पाहिले आणि ते ओरडले, "अहो देशमुख, मीठ घातलं होतं मी!"

नागोरावांचा चेहरा खर्रकन उतरला. बाहेर पाने मांडून झाली होती. बाळंभट धावत महाराजांकडे गेले. "महाराज, आता मला पुन्हा कुणी चुलीपाशी उभं करणार नाही हो!"

"आधी देवाला तर वाढा," महाराज शांतपणे म्हणाले.

नैवेद्य झाला. महाराजांनी आमटीभाताचा एक घास स्वतः घेतला, दुसरा बाळंभटांच्या मुखी घातला. "सांगा, कशी झालीय?"

बाळंभटांनी घास घोळवला आणि ते हुंदके देऊन रडू लागले. "चिंच लागतेय... गूळ लागतोय... महाराज, मीठसुद्धा लागतंय! अगदी बेताचं आहे!" धन्य ती कृपा! ऐन उमेदीतल्या साऱ्या पंगती त्या एका घासाबरोबर त्यांना परत मिळाल्या.

नागोरावांनी भीत भीत आमटीचा भुरका घेतला आणि हातातली वाटी खाली ठेवली. महाराजांच्या पायांवर डोके ठेवून ते उठले, कनवटीची सुपारी काढून त्यांनी बाळंभटांच्या हातावर ठेवली.

"माघात धाकटीचं लग्न आहे. त्या स्वयंपाकाची ही सुपारी. नाही म्हणू नका, भटजी," असे म्हणून गावचे देशमुख आचाऱ्यापुढे वाकले.