आतलं बटण

“कार्ड, बोट की चेहरा? तुम्ही म्हणाल ते लावतो, आक्का.”

दिगंबरने इमारतीच्या दाराला बसवायच्या कुलूप-मशीनची, तीन कंपन्यांची चकचकीत पत्रकं मठाच्या ओट्यावर मांडली.

गिरजाआक्का सुपात डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. गावाबाहेरच्या या मठात त्या एकट्या राहत. वय झालं होतं, राग मात्र अजून तरुण होता. लोक त्यांची बोलणी खाऊन परत जात आणि पुढची अडचण आली की पुन्हा येत. दिगंबर तर लहानपणापासून त्यांच्या हाताखाली शिकलेला. आता त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, सोळा घरांच्या सोसायटीचा तो अध्यक्ष होता, आणि या दोन्ही गोष्टी त्याच्या चालण्यातूनच कळत.

“मला काय इचारतोस? मठाला निस्ती कडी हाय. कुलूपसुदिक न्हाई.”

“खरं म्हणजे माझं ठरलंय. आशीर्वाद घ्यायला आलो.”

“मग सांग की काय ठरलं ते.”

दिगंबर मांडी ठोकून बसला. विषय त्याच्या आवडीचा होता.

“कार्ड नको. लोक हरवतात, नाहीतर कामवालीच्या हातात देतात. चेहऱ्याचं मशीन महाग. एक तर तिजोरीचं पण आहे, बँकेत असतं तसलं. दोन माणसांची बोटं लागतात त्याला. दोघंही एकदम हजर असल्याशिवाय दार हलत नाही. आपल्याला ते काय करायचंय? आपलं साधं एका बोटाचं बरं. नोंदलेलं बोट असेल तर उघडेल, नसेल तर नाही.”

“आन् आतनं भायेर यायला?”

“आत एक बटण असतं. दाबलं की दार उघडतं. ते मी काढायला सांगितलंय. कंपनीचा माणूस नको म्हणत होता, आग लागली तर माणसं अडकतील म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, आतूनही बोटच पाहिजे. बसवून घेणारा मी आहे.”

आक्कांचा हात सुपात थांबला.

“कशापायी बसवतोस म्हनलास?”

“चोरीपायी. खालून दोन मोटारसायकली गेल्या.”

“चोर भायेरनं येतो.”

“हो.”

“मग आतलं बटन कशापायी काढतोस?”

दिगंबर पत्रकं गोळा करू लागला.

“बोटं कुनाकुनाची नोंदवलीस?”

“सगळ्यांची.”

“सगळ्यांची?”

“तात्यांची सोडून,” तो म्हणाला.

आक्कांनी सूप खाली आपटलं. डाळ ओट्यावर उडाली.

तात्या म्हणजे दिगंबरचे वडील. जन्मभर रेल्वेच्या फाटकावर होते. गाडी आली की फाटक पाडायचं, गेली की उघडायचं. ते फाटक जाऊन तिथे उड्डाणपूल झाला, त्यालाही आता वर्षं झाली. तात्यांच्या डोक्यातून मात्र ते गेलं नव्हतं. बाकी बरंच गेलं होतं.

“पहाटेच उठतात,” दिगंबर तावातावाने सांगू लागला. “फाटक उघडायचंय, लोक खोळंबलेत म्हणतात आणि निघतात. गेल्या आठवड्यात दुपारपर्यंत सापडले नाहीत. शेवटी पुलाखाली सापडले. हात आडवा धरून रिक्षा अडवत होते. पॅसेंजर यायचीय म्हणत होते. पोरं मोबाइलवर शूटिंग घेत होती, आक्का! सगळं गाव हसत होतं.”

“म्हंजे गाडीखाली जातील म्हनून कोंडायचं, का लोक हसत्यात म्हनून?”

“त्यांच्या भल्यासाठीच करतोय,” दिगंबर म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता.

आक्का म्हणाल्या, “आत जा. देवापाशी तांब्या हाय, तेवढा घिऊन ये.”

दिगंबर उठला. एवढी वर्षं त्यांनी सांगितलेलं काम त्याने मुकाट्याने केलं होतं. तो आतल्या खोलीत गेला, वाकला, तांब्या उचलला.

मागे दार लागलं. बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला.

“आक्का?”

आक्का उंबऱ्याशी बसून सांडलेली डाळ गोळा करत होत्या.

“आक्का, दार लागलं.”

“मीच लावलं.”

“का?”

“भायेर ऊन हाय. तुला घेरी आली तर? तुझ्या भल्यासाठीच.”

आधी दिगंबर हसला. मग त्याने दार वाजवलं. मग लाथ मारली. दुकान उघडायचंय, माणसं ताटकळली असतील, असं ओरडला. मी कोण आहे हे तुम्हाला माहीत आहे का, असंही म्हणाला. लहानपणापासून ज्या बाईच्या पाया पडत आला तिला हे ऐकवताना त्याला लाज वाटली नाही, इतका तो भडकला होता.

आक्का डाळ निवडत राहिल्या. एक खडा निघाला, तो त्यांनी अंगणात भिरकावला.

“कडी काढा, आक्का! माणूस आत असताना बाहेरून कडी लावतं का कुणी?”

दार वाजायचं थांबलं.

मग दिगंबरचा आवाज आला तो खालून, जमिनीजवळून. तो दाराला टेकून बसला असावा.

“मी लावतो,” तो म्हणाला. “त्या दिवसापासून रोज. दुकानात जाताना.”

आक्कांनी सूप बाजूला सारलं.

“तात्या आतून दार वाजवतात. ‘अहो, कुणीतरी उघडा, लोक खोळंबलेत’ म्हणतात. मला नावाने हाक मारत नाहीत. बाहेर कोण आहे ते त्यांना कळत नाही. मी जिन्यात उभा राहून ऐकतो. मग जातो.”

“मशीन बसलं की,” तो म्हणाला, “ते घरभर, जिनाभर फिरतील. खालचं दार तेवढं उघडणार नाही. आणि ते मशीनने बंद केलेलं असेल. मी नाही. रोज सकाळी माझ्या हाताने कडी लावतोय, आक्का. मला तो हात नकोसा झालाय.”

आक्का उठल्या. गुडघे धरत, स्वतःच्या म्हातारपणावर चिडत उठल्या. त्यांनी कडी काढली.

दिगंबर बाहेर आला. त्याचे तळवे लाल झाले होते, डोळेही. तांब्या त्याने हातात तसाच धरला होता. पण रडण्याने त्याचा राग निवला नव्हता, उलट आता त्याला तोंड फुटलं.

“मग काय करू सांगा! सोडून देऊ रस्त्यावर? बायको नोकरीला जाते, मी दुकानात. पहाटे त्यांच्या मागे पळायला तुम्ही येणार आहात? इथे बसून कडी लावणं सोपं आहे, आक्का. बाप माझा आहे. मरतील ते एक दिवस त्या पुलाखाली, आणि तेव्हाही लोक मलाच विचारतील, लक्ष कुठे होतं म्हणून!”

आक्कांच्या कपाळावरची शीर उडत होती. त्यांनी त्याच्या हातातून तांब्या घेतला, त्याच्या लाल तळव्यांवर पाणी ओतलं आणि तांब्या रिकामा होईपर्यंत ओतत राहिल्या.

“कुठलं लावू?” दिगंबरने पुन्हा विचारलं. या वेळी तो खरंच विचारत होता.

आक्कांनी ओट्यावरची पत्रकं उचलून त्याच्या छातीवर दाबली.

“इमारतीला काय लावायचं ते लाव, पर बटन ऱ्हाऊ दे. तुझ्या घराच्या दाराला तिजोरीचं लाव. एक बोट तात्याचं, एक तुझं. त्यो बी एकटा भायेर जानार न्हाई, आन् त्याला सोडून तू बी न्हाई.”