चालत आलेलं राजछत्र

"आधी माझं छत्र! मग धान्य!"

शिंपलगडचे महाराज रणधवल सिंहासनावरून ओरडले आणि त्यांच्या नाकावर टपकन पाणी पडलं. चार दिवसांपूर्वीच्या तुफानाने दरबाराची निम्मी कौलं उडवली होती, आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. समुद्रकाठच्या कालवेवाडीची तर दैनाच झाली होती. अठराच्या अठरा घरांची छपरं गेली, होड्या फुटल्या, घराघरांतला तांदूळ खाडीत वाहून गेला. पण महाराजांना दुःख एकाच गोष्टीचं. तुफानाने त्यांचं राजछत्र पळवलं होतं! दहा हात रुंद, मेणकापडाचं, वर सोनेरी झालर! ते मिळाल्याशिवाय कोठार उघडायचं नाही, असा त्यांनी हट्टच धरला होता.

छत्र सापडलं ते नेमकं कालवेवाडीत. चांगुणा नावाच्या कोळणीने ते वाळूत रोवून घट्ट बांधलं होतं. खाली तीन म्हाताऱ्या, नऊ पोरं, एक शेळी आणि चांगुणाची बाळंतीण भावजय. तिचं बाळ तुफानाच्याच दिवशी जन्मलेलं. बारसं व्हायचं होतं, म्हणून सगळे त्याला तुफानराव म्हणत. बाकीची वाडी फुटक्या होड्या उपड्या करून त्यांच्याखाली कुडकुडत होती.

"शिपाई पाठवा, ओढून आणा!" महाराज म्हणाले.

"आणतो," प्रधानजी चाचरत म्हणाले, "पण लोक म्हणतील, राजाने बाळंतिणीच्या डोक्यावरचं छप्पर काढलं!"

महाराज आपल्या नावाला फार जपायचे. त्यांनी मिशीला पीळ दिला आणि मोठ्या खुशीत हुकूम सोडला. "वाडीवाल्यांनीच तिन्हीसांजेच्या आत छत्र दरबारात हजर करावं. पण छत्राखालच्या एकाही माणसावर पावसाचा थेंब पडता कामा नये! पडला, तर कोठार बंद! मग मला कोण नावं ठेवतो ते बघू!"

हवालदाराने वाडीत येऊन हुकूम वाचला आणि बायकांनी कपाळाला हात लावला. छत्र द्यावं तर चार दिवसांचं पोर भिजणार, ठेवावं तर सगळी वाडी उपाशी मरणार!

चांगुणाने कमरेवर हात ठेवले. "हवालदारदादा, छत्र कसं आनायचं, त्ये काय लिवलंय?"

"नाही बुवा."

"मंग उठा गो आयांनो! छत्र उचला, आनि खालून कोनी हलू नका!"

आणि छत्र निघालं! दांडा धरून मध्ये चांगुणा, झालरीखालून दिसत होते नुसते पाय. बारीक पाय, म्हातारे पाय, शेळीचे चार पाय! डावीकडची पोरं भराभर चालली की उजवीकडच्या म्हाताऱ्या ओरडायच्या, "हलूहलू चाला रं मेल्यांनो!" की छत्र गर्रकन फिरायचं. वाटेत दोनदा ते उलटं वाडीकडेच निघालं. रस्त्यावरचे लोक हसून हसून चिखलात बसले.

हत्तीसाठी केलेल्या दारातून छत्र दरबारात शिरलं आणि सिंहासनासमोर थांबलं.

"ही माणसं कशाला आणलीत?" महाराज कडाडले.

"आमी छत्र आनलंय, महाराज. मानसं त्याच्या खाली व्हती, ती आली!"

"बरं, बरं! आता बाहेर व्हा त्याच्याखालून!"

चांगुणाने वर पाहिलं. कौलं नव्हती तिथून धो धो पाणी येत होतं. "हितं बी गलतंय की! थेंब पडला तर तुमचाच हुकूम मोडंल. मोडू काय?"

महाराजांनी बोलायला तोंड उघडलं आणि एक टपोरा थेंब थेट तोंडातच पडला.

"अगं, पण राजा मी! छत्र माझं! आणि भिजतोय मीच?"

"भिजताय कशाला? या ना! सरका गो, महाराजांना बसू द्या. जागा कमी हाय, तवा महाराज, बालाला तेवढं मांडीवर घ्या!"

भिजून भिजून महाराजांना हुडहुडी भरली होती. ते शेळी आणि एक म्हातारी यांच्यामध्ये अंग चोरून बसले. "पाय आवर रं बाबा," म्हातारी खेकसली. महाराजांनी मुकाट्याने पाय आवरले! शेळीने त्यांच्या शेल्याची चव घेतली. तुफानरावांनी मात्र इवल्याशा मुठीत त्यांचं बोट पकडलं. महाराजांनी आजवर तान्हं मूल कधी हातात घेतलंच नव्हतं. ते श्वास रोखून बघत राहिले. किती हलकं होतं ते!

आणि एकदम किंचाळले, "अरे, अरे, अरे!"

तुफानरावांनी आपलं काम उरकलं होतं. महाराजांचा पितांबर ओलाचिंब!

"प्रधानजी! छत्राखालच्या एकाही माणसावर थेंब पडायचा नव्हता ना? मी छत्राखाली आहे, आणि हा बघा थेंब! हुकूम मोडला! कोठार बंद!"

बाळंतिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगुणाने मात्र पदर खोचला.

"हुकूम पावसाच्या थेंबाचा व्हता, महाराज. चाखून बघा, ह्यो पाऊस नाय!"

प्रधानजींनी तोंडावर उपरणं दाबलं. भालदार खांबामागे लपला. आणि महाराज? त्यांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं आणि ते असे खो खो हसत सुटले की झालरीवरचं सगळं पाणी प्रधानजींच्या अंगावर!

"हरलो गं बाई, हरलो! कोठार उघडा! वाडीला तांदूळ पाठवा! गाड्या भरून माडाची झापं न्या आणि अठराही घरं शाकारून द्या. होड्यांना सुतार लावा. दरबाराची कौलं मागाहून!"

मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी चांगुणाच्या हातात ठेवलं. चांगुणाने वाकून मुजरा केला आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले.

"थांब गं," महाराज हळूच म्हणाले, "आत्ताच कुठे झोपलाय!"