लाल दिवा आणि रुसलेला नवरदेव

एका गावात एक भोळा ड्रायव्हर होता. नाव सोपान. टोमॅटो पिकवणाऱ्या बाजीअण्णांची पिकअप तो चालवायचा. गाडीवर हात चांगला होता. पण सांगाल तेवढंच त्याच्या डोक्यात शिरायचं, आणि शिरलं की बाहेर निघायचं नाही.

अण्णांच्या रेवतीचं लग्न ठरलं. नवरदेवाला पिकअपमधूनच आणायचं होतं, कारण त्याच्या गावच्या रस्त्यानं मोटार जात नसे. त्या रस्त्याचं उद्घाटन झालं होतं, रस्ता तेवढा व्हायचा होता.

ऐन लग्नघाईत गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला.

"अण्णा, लाल दिवा लागलाय," सोपान म्हणाला.

अण्णा आचाऱ्याशी भांडत होते. "मला तो दिवा दिसता कामा नये," ते म्हणाले.

सोपाननं दिव्यावर चिकटपट्टी लावली. दिवा दिसेनासा झाला. गाडी टोमॅटोसकट भर बाजारात बंद पडली.

फाट्यावरचा दत्तू मिस्त्री आला. त्यानं चिकटपट्टी काढून बॅटरी बघितली. तिची टोकं पांढरी पडली होती. "आरं, दिवा झाकून दुखणं जातं व्हय? पांढरं दिसलं की गरम पाण्यानं घासून काढायचं."

"बरं," सोपान म्हणाला.

पुन्हा लाल दिवा लागला. सोपाननं बघितलं, तर बॅटरी स्वच्छ. पांढरं फक्त मागच्या फळीवर होतं. तिथं पांढऱ्या रंगात अण्णांचं नाव होतं. सोपाननं गरम पाणी ओतून अण्णांना साफ पुसून टाकलं. गाडी काही सुरू झाली नाही.

मिस्त्री पुन्हा आला. "येड्या, इंजिनाचा पट्टा ढिला हाय. ओरडतोय ऐकू येत न्हाई? जे ओरडंल ते आवळायचं."

"बरं," सोपान म्हणाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो नवरदेवाच्या मामाला आणायला गेला. वाटेत पुन्हा लाल दिवा लागला. पट्टा गप्प होता. मामा मात्र आमचा मान ठेवला नाही म्हणून सारखा ओरडत होता. सोपाननं गाडी थांबवली आणि मामाचा फेटा आवळला. असा आवळला, की फेटा भुवयांखाली उतरला आणि मामाला दिसायचं बंद झालं. गाठ पुढं कोणालाच सुटली नाही.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "बॅटरीला करंट देणारा डायनॅमोच गेला आसंल. आता शेवटचं सांगतो. ज्याच्यावर संशय हाय तो भाग काढायचा. त्याच्या जागी चालू गाडीतला चांगला भाग बसवायचा. चालला, तर जुना खराब." त्यानं दुसऱ्या पिकअपचा डायनॅमो आणून बसवला. दिवा विझला. "आता आठ दिवस चालवून बघ. न्हाई चालला तर बदलून देतो."

"बरं," सोपान म्हणाला. गाडी खरंच बरी झाली.

दुसऱ्या दिवशी नवरदेव वेळेत मंडपाच्या दारात आला आणि तिथंच अडला. "नवी मोटारसायकल मिळाल्याबिगर मी पाय जमिनीला लावणार न्हाई," असं म्हणून तो पिकअपमध्ये बसून राहिला.

चार शहाण्यांनी समजावलं. त्यातल्या तिघांनी स्वतःच्या लग्नात हेच केलं होतं, त्यामुळं त्यांचं समजावणं फार समंजस होतं. नवरदेव हलला नाही. मुहूर्त जवळ आला. अण्णांचा चेहरा उतरला. नवरदेव माघारी गेला, तर पोरीला गाव नावं ठेवणार, हे त्यांना माहीत होतं.

"सोपान," ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "काय बी कर, पण मुहूर्ताला माझ्या रेवतीसमोर नवरदेव उभा पायजे."

सोपाननं नवरदेव तपासला. कुठं पांढरं नव्हतं. ओरडतही नव्हता. सोपाननं पिकअप थेट मिस्त्रीच्या गॅरेजवर नेली.

तिथं दुसऱ्या वऱ्हाडाची जीप नुकतीच दुरुस्त होऊन उभी होती. वऱ्हाडी चहाला गेले होते. त्यांचा नवरदेव, मुंडावळ्या बांधून, एकटाच घड्याळ बघत होता.

"तुमाला काय पायजे?" सोपाननं विचारलं.

"काही नको. मंडपात वेळेवर पोचव, बाबा."

हा भाग चालू आहे, हे सोपाननं ओळखलं. त्याला पिकअपमध्ये बसवलं. रुसलेल्याला खांद्यावर घेतलं, पाय जमिनीला लागू न देता जीपमध्ये ठेवलं. तो खूश झाला. त्याला वाटलं, मोटारसायकल मागितली आणि जीप मिळाली.

मंडप इथूनतिथून सारखेच. नवा नवरदेव धावतच बोहल्यावर चढला. मुहूर्ताच्या घाईत मुंडावळ्यांआडचा चेहरा कोणी बघितला नाही. मामाला काही दिसत नव्हतं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला.

अण्णा बघतच राहिले. "सोपान, ह्यो कोण?"

"नवरदेव."

"आणि आपला?"

"त्यो खराब हुता, अण्णा. त्यांच्या जीपमधी बसवून दिला. तिकडची नवरी फौजदार हाय म्हणं. रुसला तर बगून घेतील त्या."

रेवतीनं समोरच्या माणसाला विचारलं, "तुम्हाला मोटारसायकल पाहिजे का?"

"मला चालवता येत नाही," तो घाबरून म्हणाला.

रेवतीनं हार त्याच्या गळ्यात घातला. अण्णा मटकन खाली बसले. सोपान त्यांच्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "घाबरू नका, अण्णा. आठ दिवस चालवून बघू. न्हाई चालला तर आणतो की बदलून."